औषधाची मच्छरदाणी

डोंग्यात माझ्या मांडीवर मुलीला तापाचे झटके येत होते आणि नवरा जीव खाऊन वल्हवत होता. आम्ही ढिवर. पावसाळा ओसरला की वैनगंगेतल्या बेटावर झोपडी बांधून मासे धरायचो. निघण्याआधी नर्सबाईनं दोन्ही लेकरांना टोचलं, औषध लावलेली मच्छरदाणी दिली आणि बजावलं, "तिथी दवाखाना नाई. लेकरं हिच्यातच झोपवजा." बेटावर नवऱ्यानं तीच मच्छरदाणी जाळं म्हणून पाण्यात लावली. मी म्हटलं, "लेकरं कुठी झोपतीन?" तो हसला. "टीका लावला ना त्याहिले? पाह्य, कसे झिंगे येऊन राह्यले." खरंच टोपलीभर आले. चुलीवर भाजले, त्यांच्या वासानं मुलगी ताट घेऊन आधीच बसली होती. काही दिवसांनी दोन्ही लेकरं तापली. डोंगा काठाला लागला तेव्हा मुलीचे झटके थांबले होते, अंग गार पडत होतं. काठावर धावत आलेल्या नर्सबाईला नवरा म्हणाला, "टीका तर तुमीच लावला होता, बाई." ती म्हणाली, "तो गोवराचा होता, भाऊ. हिवतापाले टीका नाई, म्हणून तं मच्छरदाणी देली." नवरा नंतर कधी बेटावर गेला नाही. झिंगे मी आजही खाते. मुलीनं त्या दिवशी काठावरच जीव सोडला. मुलगा वाचला.