कियोकोनं जिंकलेली निवडणूक

कियोको गेली, हे मला जावयानं वेलिंग्टनच्या ऑफिसातून फोन करून सांगितलं. त्याला ते सकाळच्या ट्रेनमध्ये समोरच्या घरातल्या माणसाकडून कळलं होतं. आम्हा दोघींच्या घरांमध्ये फक्त एक लाकडी कुंपण, आणि बातमी मात्र लोअर हटहून वेलिंग्टनला जाऊन परत आली... दीड महिना झाला, मला त्याचा अजून राग येतो.

मी इथे न्यूझीलंडला मुलीकडे आले ती नात सांभाळायला. नात शाळेत, मुलगी-जावई कामावर, नऊ ते पाच मी आणि भिंती. कियोको जपानच्या ओकिनावा बेटावरची, इथल्या गोऱ्या माणसाशी लग्न करून आलेली, आता एकटीच. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं जमलं.

तिच्या बेटावर अमेरिकी लष्कराचे तळ. शेतं गेली, डोक्यावर दिवसभर विमानं. मी देवळाली कॅम्पात वाढलेली. फौजी म्हणजे आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक. "अगं, पोटं भरतात लोकांची," असं म्हणाले, तर बाई दोन दिवस कुंपणाशी फिरकली नाही. नंतर कळलं, तिचा धाकटा भाऊ हेच म्हणायचा. आई लवकर गेली, त्याला हिनंच वाढवलेलं. तो तीस वर्षं तळावरच मेकॅनिक.

गेल्या वर्षी तिथल्या प्रांतिक विधानसभेची निवडणूक तळांवरूनच पेटली. परदेशात राहून तिला मत देता येईना. मग बाईंनी गावातल्या एकूण एक नातेवाइकाला, तळविरोधकांना मत द्या म्हणून, हातानं पत्रं लिहिली, अगदी भावालासुद्धा. त्याचा फोन आला. "तुझी माणसं जिंकली तर माझी नोकरी जाईल. मग मला भाऊ म्हणू नकोस."

तिची माणसं जिंकली. निकाल नातीनं कॉम्प्युटरवर शोधून दिला. निवडणूक जिंकली की पेढे वाटायचे, एवढंच मला ठाऊक. दुधाच्या पावडरीचे पेढे वळले, वर केशर लावलं आणि मिरवत गेले. कियोकोनं डबा न उघडताच ओट्यावर ठेवला. "आता तो फोन करणार नाही," ती म्हणाली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

"मग तूच कर की."

"मोठी मी आहे. आधी त्यानं करायचा."

भाऊ आला तो थेट अस्थी न्यायला. सोबत त्याची मुलगी, तीच आमच्यात दुभाषी. नोकरी शाबूत होती त्याची. "फोन करायचा होता," तो म्हणाला, "पण जिंकली ती होती. आधी तिनं करावा असं वाटलं." मला चीड आली आणि रडूही. मग त्यानं विचारलं, पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून खुर्ची कशाला? त्या भिंतीवर फोन होता. निकालापासून ती दुपारभर तिथंच बसायची, हे मी सांगून टाकलं. मुलीनं ते त्याला जपानीत सांगितलं. तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

घर रिकामं झालं तेव्हा ती खुर्ची मी मागून आणली. मुलगी म्हणते, आई, खिडकीशी ठेव, तिथं उजेड असतो. मी ती आमच्या फोनपाशी ठेवली आहे. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा तिथं बसते. फोन कुणाचाच यायचा नसतो.