मुनव्वरभाईंचा नंबर

मंडईत कलिंगडं विकणारे मुनव्वरभाई चोवीस वर्षं सिंहगडाच्या शर्यतीला गेले आणि एकदाही धावले नाहीत. त्यांचं काम धावायचं नव्हतंच. महाराष्ट्र दिनाला एक मंडळ ही शर्यत भरवायचं, पायथ्याच्या गाडीतळापासून वर पुणे दरवाजापर्यंत. मुनव्वरभाईंनी पांढरं निशाण घेऊन सगळ्यांच्या मागून चालायचं, कोणाला भोवळ आली तर पाणी पाजायचं आणि काही झालं तरी शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही. ते दरवाजात दिसले की शर्यत संपली.

नव्वद मिनिटांच्या आत जो वर पोचेल, त्याचं नाव मंडळाच्या स्मरणिकेत छापून यायचं. मुनव्वरभाईंच्या वाट्याला शेवटच्या पानावरची एक ओळ होती, 'सर्व ज्ञात-अज्ञात हितचिंतकांचे आभार.' त्यांच्या बायकोने, परवीनने, एकदा विचारलं की यात तुम्ही कुठे आहात. त्यांनी 'अज्ञात'वर बोट ठेवलं. त्यांना वाटलं ती हसेल. ती हसली नाही, आणि ते त्यांना फार लागलं.

म्हणून २००८ साली, सत्तावन्नाव्या वर्षी, निशाण हिंजवडीच्या एका इंजिनिअरकडे सोपवून ते स्वतः शर्यतीत उतरले. नाव एकदा छापून यावं, बस. फॉर्म भरायला गेले तर श्रीनिवास, म्हणजे मंडळाची वही सांभाळणारे निवृत्त बँकवाले, म्हणाले, "तुम्हाला कसला फॉर्म? तुम्ही घरचेच." आणि एकशे अडुसष्ट नंबरचं कापड त्यांच्या हातात ठेवलं.

सातची शर्यत सुटली नऊला. पाहुण्यांची गाडी यायची होती. पाहुण्यांनी 'निसर्गाच्या सान्निध्यात' या विषयावर सावलीत उभं राहून वीस मिनिटं भाषण केलं आणि ते गाडीत बसून निघून गेले. बाकीच्यांनी उन्हात चढायला सुरुवात केली.

पहिल्या चढालाच मुनव्वरभाईंचा जीव मेटाकुटीला आला. मुरूम पायाखालून सरकत होता, झाडाला पान नव्हतं, घसा कोरडा पडला होता. चाळीस वर्षं पहाटेपासून गाळ्यावर उभं राहून पाय आधीच कामातून गेलेले. पण पायांचं दुखणं वेगळंच निघालं. पुढची बाई दम खायला थांबली की हे थांबत. ती निघाली की हे निघत. वाट मोकळी होती, नव्वद मिनिटं सरत होती आणि पाय काही केल्या तिच्या पुढे पडत नव्हते.

ती विजयमाला होती, धायरीची, पन्नाशीची, मुलीच्या बुटांत आलेली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा ती वैतागली.

"काय हाय? माझ्यामागं का हुबं राहताय सारखं?"

"तुम्हाला काही झालं तर..."

"मला काय धाड भरलीय? मागं त्यो निशाणवाला हाय की. जावा म्होरं!"

गेले. पहिली चार पावलं चोरी केल्यासारखी टाकली. मग एकेकाला मागे टाकत निघाले. वळणावर मात्र मान मागे वळायचीच आणि माणसं मोजायचीच. मागे नऊजण होते. छातीत धपधप होत होती, डोळ्यांपुढे काळे ठिपके येत होते आणि खरं सांगायचं तर आयुष्यात इतकं थकून इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला ते पुणे दरवाजाखाली आले. टेबलामागून श्रीनिवासनी मान वर केली, घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही.

"मुनव्वर आले. चला, आवरा!"

वही मिटली. सतरंजीला हात लागला. सरबताचं पिंप कोणीतरी उचललं.

"अहो थांबा!" मुनव्वरभाईंना धड बोलताही येईना. "मागे नऊजण आहेत. सहा मिनिटं आहेत अजून. उघडा वही!"

श्रीनिवासनी कुरकुरत वही उघडली. मुनव्वरभाई दरवाजाच्या कडेला उभे राहिले आणि हात करून एकेकाला बोलवायला लागले. एक आला, दोन आले. आठव्याला त्यांनी दंडाला धरून आत ओढलं. नववी विजयमाला. अर्धं मिनिट उरलं असताना ती लंगडत आत आली. तिच्यामागे इंजिनिअर निशाण हलवत आला.

"झाले सगळे?" श्रीनिवासनी विचारलं. इंजिनिअरला नाही, मुनव्वरभाईंना.

"झाले," ते म्हणाले.

श्रीनिवासनी तांबडी रेघ ओढली, खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

पायरीवर बसून पाणी पिता पिता विजयमालाने सहज विचारलं, "दादा, तुमचा नंबर कितवा आला?"

तेव्हा कुठे मुनव्वरभाईंच्या ध्यानात आलं, आपलं नाव वहीत चढलंच नव्हतं. कोणी विसरलं असतं तर भांडता आलं असतं. आपणच आपल्याला मोजलं नाही, याची त्यांना इतकी चीड आली की डोळ्यांत पाणीच आलं.

"श्रीनिवासराव, माझं राहिलं."

"काय राहिलं?"

त्यांनी छातीवरच्या नंबरावर बोट आपटलं. श्रीनिवासनी नंबर बघितला, वही बघितली.

"अरे देवा. पण आता सही झाली हो. काय रेघेखाली लिहू?"

"रेघेखाली लिहा. पण लिहा!" त्यांचा आवाज कलिंगड दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकावर चढावा तसा चढला. "चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला आलोय मी."

श्रीनिवासनी मुकाट्याने टोपण काढलं. एकशे अडुसष्ट लिहिलं, चौऱ्याऐंशी लिहिलं, 'मुनव्वर' लिहिलं, आणि पेन थांबलं.

"तुमचं आडनाव काय हो?"

चोवीस वर्षांची ओळख.

"बागवान," ते म्हणाले, आणि तिथेच खाली बसले.