चपला हातात घेतलेली बाई

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनी मिळून काय केलं, तर पडवीत बसून कोकमांसाठी रातांबे फोडले. ती फोडायची, मी बिया काढायचो. तेवढ्यात बाजारातला फोटोवाला आला. वाचनालयात जुन्या बाजारपेठेचे फोटो लावायचे होते. कुठलं दुकान कोणाचं, ते म्हाताऱ्यांना विचारत फिरत होता. एका फोटोत आमच्या वडलांचं दोरखंडांचं दुकान होतं. समोर रस्त्यावर एक बाई, पाठमोरी, हातात चपला.

"ही मी," ती म्हणाली.

"नुसत्या पाठीवरनं? सगळ्या बायका मागनं सारख्याच."

"तुम्ही कधी मागनं बघितलंत मला? कायम आपले पुढे."

फोटोवाला हसला. फोटो ठेवून गेला. रातांबे संपवले, जेवलो. पहाटे हाक मारली तर उठली नाही. झोपेतच गेली होती.

तेराव्याला भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधला. नव्हताच. कॅमेरा दिसला की तोंडावर पदर घ्यायची. तेरावं तसंच उरकलं. मग त्या पाठमोऱ्या बाईची आठवण झाली. पण ती हीच कशावरून? भलत्याच बाईला रोज हार घालत बसायचं?

फोटो घेऊन बाजारात गेलो. वडलांच्या दुकानात आता कॅसेटवाला. शेजारचा शिंपी मेला. त्याचा मुलगा म्हणे, मला काय ठाऊक. उरली कोपऱ्यावरची म्हातारी कासारीण. तिने फोटो नाकाला लावून बघितला.

"तुझी बायको."

"कशावरनं?"

"मेल्या, तुझा बाप दुकानाच्या फळीवर बसायचा. सासऱ्यासमोरनं ती चपला घालून जायची नाय. हातात घ्यायची, माझ्याकडे पोचली की पायात. तशी ती एकटीच. तुला ठाऊक नाय?"

कसं असणार? मी मुंबईला गिरणीत. शिमग्याला नि गणपतीला तेवढा यायचो. कायमचा आलो तेव्हा वडील नव्हते, आणि तिच्या चपला पायात होत्या.

चौकट करायला गेलो तर फोटोवाला म्हणाला, "काका, बाई तेवढी कापून मोठी करून देतो."

"नको. दुकान कापलंस तर ती कोण, ते कळणार कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून फोटो भिंतीला लावला. हार घातला. कुंकवात बोट बुडवलं आणि तसाच उभा राहिलो. लावायला कपाळ कुठे होतं? मग ती जिकडे चालली होती तिकडे, पुढच्या रस्त्यावर, बोट टेकवलं.