सकारामकाकांच्या टॅक्सीची उचकी

ला निकोलिएरच्या चढावर टॅक्सी उचक्या देत होती आणि मागून उसानं भरलेली लॉरी हॉर्न देत होती. स्टिअरिंगवर सकारामकाका, प्लेन दे पपाय गावचे टॅक्सीवाले. शेजारी मी, गॅरेजचा मेकॅनिक. मागच्या सीटवर काकी, मांडीवर पिशवी घेऊन. आमचं काम झालं की त्यांना बाजारात जायचं होतं.

"ऐकलंस, देवा? ही तुझी नवी बोबिन," काका म्हणाले.

बोबिन म्हणजे इग्निशन कॉइल. ती बॅटरीचे बारा व्होल्ट घेते, त्यांचे हजारो करते आणि प्लगला देते. मग ठिणगी पडते. ठिणगी अशक्त असली तर गाडी सपाटीवर पळते आणि चढावर तिचा दम संपतो. काकांच्या जुन्या इंग्रजी गाडीचं नेमकं तेच चाललं होतं. घुर्रर्र, फट्, घुर्रर्र, फट्.

एरवी मी हसलो असतो. पण काकांना ग्रां बेच्या एका हॉटेलचं काम मिळायचं होतं. पाहुण्यांना रोज क्युरपीपला न्यायचं आणि आणायचं. क्युरपीप वर डोंगरात. शनिवारी हॉटेलचा मॅनेजर स्वतः गाडीत बसून बघणार होता. वाटेत गाडी खोकली, तर काम दुसऱ्या टॅक्सीला जाणार. काकांनी पाहुण्यांसाठी सीटची कव्हरंसुद्धा नवीन शिवून घेतली होती.

आमचं गॅरेज पेती राफ्रेला. मालकांना आम्ही सगळे पात्रों म्हणायचो. त्यांचा एकच धर्म, कंपनीचा माल. काका पहिल्यांदा गाडी घेऊन आले, तेव्हा पात्रोंनी जुनी बोबिन बोटानं वाजवली आणि ती मेल्याचं जाहीर केलं. कंपनीची नवी बोबिन राजधानी पोर्ट लुईच्या एजंटकडून यायची. तिची किंमत ऐकून काका खाली बसले.

मी म्हटलं, "पात्रों, तैवानची मिळते. निम्म्याहून स्वस्त."

"ओरिझिनाल, गारसों," पात्रों म्हणाले. पोरा, अस्सल तेच घे, असा त्याचा अर्थ. "ओरिझिनाल म्हणजे आई. बाकी सगळ्या मावशा."

"काकांना आई परवडत नाय. मावशी चालेल."

काका हसले, पात्रों नाय हसले. पण गिऱ्हाईक काकाच होते, म्हणून तैवानची बसली. आणि आता ती मावशी चढावर उचक्या देत होती.

आम्ही परत आलो तेव्हा पात्रों गॅरेजच्या दारातच उभे. लग्नाला उभं राहावं तसे. "काय म्हणते मावशी?" त्यांनी विचारलं. मी तैवानची काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कपाटातून कंपनीची बोबिन काढली आणि देवाला न्हाऊ घालावं तशी फडक्यानं पुसली. मग स्वतःच्या हातानं बसवली आणि म्हणाले, "चल, आता मी येतो. इंजिन कसं चालतं ते ऐक."

पुन्हा ला निकोलिएर. पहिलं वळण ठीक. दुसऱ्या वळणावर घुर्रर्र, फट्.

माझं सगळं भांडवल म्हणजे माझे कान आणि माझं तोंड. मला कुठल्याही इंजिनाची नक्कल येते. गिऱ्हाईक गॅरेजला फोन करतं तेव्हा मी त्याला आवाज काढून विचारतो, असा येतो की असा? त्यामुळे मला लगेच कळलं. ही तीच उचकी. तोच सूर, तेवढाच दम. आई आणि मावशी एका आवाजात खोकत होत्या.

माझी जीभ खाजली. मी अगदी पात्रोंच्या आवाजात म्हटलं, "ओरिझिनाल, गारसों."

"उतर," पात्रों म्हणाले.

मी उतरलो. गाडी वळली आणि निघून गेली. उतारावर ती छान चालत होती.

उसाच्या लॉरीवर बसून मी गॅरेजला पोचलो. काका बाकावर डोकं धरून बसले होते. काकी म्हणत होत्या, "आता कव्हरं काढून ठेवा, मळतील."

मी म्हटलं, "काका, मला एकच सांगा. ही उचकी कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने."

"आधी अशी होती?" मी हलकी उचकी काढून दाखवली. "की एकदम अशी?" मी मोठी काढली.

काका डोकं खाजवायला लागले. काकी म्हणाल्या, "एकदम अशी. गाणी आल्यापासून."

"कसली गाणी, काकी?"

काका छताकडे बघायला लागले.

"पुतण्यानं कॅसेट बसवून दिली ना," काकी म्हणाल्या. "ब्रीझे वेर्दिएरचा आमचा पुतण्या, रेडिओ दुरुस्त करतो तो. डॅशबोर्डच्या खाली लपवलीय. बाहेरचं कोणी बसलं की हे बंद करतात. पोरं म्हणतात, म्हाताऱ्याला शौक बघा."

मी धावत डिकी उघडली. या गाडीची बॅटरी डिकीत असते. तिच्यावर कांद्याचं पोतं होतं, म्हणून आमच्यापैकी कोणी तिकडे बघितलंच नव्हतं. पोतं ओढलं तर बॅटरीच्या तारा उलट्या जोडलेल्या.

जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीची प्लसची तार गाडीच्या पत्र्याला जोडतात. जपानी कॅसेटला मायनसची तार पत्र्याला लागते. पुतण्या हुशार. त्यानं बॅटरी फिरवली, डायनॅमोला नवी दिशा समजावली आणि गाणी लावली. पण बोबिनलाही सुलट-उलट असतं. बॅटरी फिरवली की बोबिनच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी लागते. ती राहिली. तशी गाडी चालते, पण ठिणगी उलट्या बाजूनं उडते आणि दुबळी पडते. आणि आम्ही प्रत्येक नवी बोबिन जुन्या हिशोबानंच जोडत होतो.

पात्रोंना पटेना. मी प्लगची तार काढली आणि तार न् प्लग यांच्यामधे शिसपेन्सिलीचं टोक धरलं. ठिणगीतून उडणारी ज्वाळा प्लगकडे जायला पाहिजे. ती तारेकडे जात होती.

पात्रों काकांकडे वळले. "सकाराम, हे आधी का नाय सांगितलंस?"

"तुमी बोबिनचं विचारलंत," काका म्हणाले. "गाण्याचं कोणी विचारलं?"

मी दोन तारांची अदलाबदल केली. ला निकोलिएरचा सगळा चढ गाडी एका श्वासात चढली. "ओरिझिनाल," पात्रों हळूच म्हणाले. मी म्हटलं, मावशीलाही एकदा न्या. तैवानची बसवली, तीही चढली. मग काका म्हणाले, "आता माझी जुनी लाव बघू." आम्ही तिला मेलेली म्हणून खोक्यात टाकली होती. ती बसवली. तीही चढली, आणि वरून काकांनी गाणं लावलं.

"मग हीच राहू दे," काका म्हणाले. "दोघी तुमच्या तुमी ठेवा."

पात्रोंनी आई आणि मावशी दोघींना एकाच कपाटात ठेवलं.

शनिवारी मॅनेजर क्युरपीपला गेला न् आला. काम काकांना मिळालं. तेव्हापासून गॅरेजमधे गाडी आली की मी बॉनेट नंतर उघडतो. आधी विचारतो, गाडीत नवीन काय आलंय? आणि गाडीच्या मालकाला नाय विचारत. मागच्या सीटवर जे कोणी बसतं, त्याला विचारतो.