मरणाच्या प्रवेशाची साडी

गावोगावच्या हौशी नाटकांत बाईचं काम करायला बाहेरून बाई बोलवायची, ही आमच्या हिंगोलीकडची जुनी पद्धत. गावातली पोरं नायक, पाटील, फौजदार सगळं व्हायची, पण गावची लेकसून स्टेजवर चढवायची कुणाची छाती नव्हती. मग एसटीतून माझ्यासारखी एक उतरायची. एक तालीम, आणि लगेच नाटक. हा उद्योग मी वीस-बावीस वर्षं केला. हट्ट्यापासून वारंगा फाट्यापर्यंत किती गावांत मेले ते आता आठवत नाही. विष पिऊन मेले, क्षयानं मेले, एकदा नायकाच्या बंदुकीनं मेले. ती बंदूक वाजलीच नव्हती, तरी मी पडले.

दोन हजार साल उलटलं तेव्हा माझी पंचेचाळिशी झाली होती आणि मी अजून अठरा वर्षांची नवी नवरी करत होते. पावडरचा थर असा, की हसले तर भेगा पडायच्या. म्हणून मी हसायचे नाही आणि लोक म्हणायचे, बाईचा अभिनय मोठा गंभीर. मला ते खरं वाटायचं. पाठांतराचा कंटाळा होता. शब्द आठवला नाही की पडद्यामागून सांगणाऱ्याकडं कान लावायचा, आणि तेही ऐकू आलं नाही तर सुचेल ते बोलायचं. त्याला मी प्रतिभा म्हणत असे.

एक नियम मात्र मी काटेकोर पाळायचे. मरणाच्या प्रवेशाची साडी गावानं द्यायची आणि प्रवेश झाला की तिथंच सोडून यायची. मेलेल्या बाईचं कापड घरी नेऊ नये, असं मी डोळे मोठे करून सांगायचे. खरं कारण एवढंच, की मेल्यावर लोळावं लागतं आणि माझ्या साड्या मळतात.

शिरड शहापूरच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत एक गाव आहे. लोडशेडिंगची वर्षं होती. संध्याकाळी लाइटीचा भरवसा नाही म्हणून त्यांनी नाटक भर दुपारी ठेवलं होतं, शाळेच्या ओट्यावर. नाटक तिथल्याच मास्तरांनी लिहिलेलं. सासुरवासाला कंटाळून एक पोरगी विहिरीत उडी घेते, अशी गोष्ट. ती त्याच गावात दहा वर्षांपूर्वी घडली होती, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला फक्त माझे संवाद किती आहेत ते हवं होतं.

तालीम झाल्यावर मास्तरांनी साडी दिली. फिकट हिरवं पातळ, बारीक फुलांचं, डांबरगोळीच्या वासाचं. घडीवर घडी इतकी जुनी, की उलगडताना कागदासारखा आवाज झाला. पदराच्या एका टोकाला बारीक भोकांची रांग होती.

"उंदरानं खाल्लेलं देता काय मला?" मी म्हणाले.

"घ्या बाई," मास्तर खाली बघत म्हणाले. "देणारीनं खूप वर्षांनी पेटीतून काढलंय."

उजेडात नाटक करणं वेगळं असतं. रात्री समोर नुसता अंधार असतो, त्यात आपण आपल्याला हवे तसे चेहरे बसवतो. दुपारी खरे चेहरे दिसतात. पहिल्या रांगेत बायका होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक म्हातारी, हात मांडीवर ठेवून, जराही न हलता बसलेली. ती नाटक बघत नव्हती. पातळ बघत होती.

विहिरीवर जायचा प्रवेश आला. वाक्य सोपं होतं, "आई, मी पाणी घेऊन येते." मी ते विसरले. विचार करताना हात पदराकडं गेला, बोटांना ती भोकं लागली आणि टोक आपोआप दातांत गेलं. कापड खारट लागलं. मग मी म्हणाले, "माय, शेळीला पाणी दाखवून येते."

टाळी नाही, हसू नाही. पडद्यामागं मास्तर वाक्य सांगत होते, ते मध्येच थांबले. समोरच्या दोघीतिघींनी पदर तोंडावर घेतला. मी डौलात आत गेले. आत एकानं पाण्याच्या पिंपात धोंडा टाकायचा होता, उडीचा आवाज म्हणून. तो धोंडा हातात धरून माझ्याकडं बघत उभा राहिला. आवाज झालाच नाही.

पुढचा प्रवेश प्रेताचा. मी ओट्यावर डोळे मिटून पडले. पापण्यांवर ऊन लाल दिसत होतं. एकाएकी ते काळं झालं. कुणीतरी माझ्यावर वाकून उभं होतं. नाटकात त्या वेळी कुणी यायचं नव्हतं. मी श्वास रोखला. कुणीतरी माझ्या घोट्यावर चढलेलं पातळ हळूच खाली ओढलं, पावलं झाकली, आणि ऊन परत लाल झालं. एवढं चांगलं प्रेत मी आयुष्यात कधी केलं नाही. भीतीनं हाललेच नाही.

पडदा पडल्यावर ती म्हातारी मागं आली. "पातळ सोडू नका आत्ताच. घटकाभर घरी चला माझ्या."

मला वाटलं, ओटी भरणार. मी नियम बाजूला ठेवला आणि मरणाच्या साडीत भर गावातून निघाले. सकाळी एसटी बदलताना वारंगा फाट्यावर मी सोनेरी पट्ट्यांच्या चपला घेतल्या होत्या. बोळातनं सांडपाणी वाहत होतं, म्हणून नटीबाईंनी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी चिखल तुडवला. दारातल्या बायका मला बघून बाजूला सरत होत्या. मी तो मान समजले.

तिच्या अंगणात दोन शेळ्या बांधलेल्या. तिनं मला पाटावर बसवलं आणि समोर बसली.

"बाई, पदर चावायचं कोन सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही मावशी. सुचलं."

"अन् शेळीचं?"

"तेही सुचलं."

"पदर चावायची तिची खोड समद्या गावाला ठाऊक हाय. शेळीचं मातर मास्तरला बी ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "माझी लेक अन् मी, दोघीच व्हतो हितं. सासरी जायचं न्हाई म्हनत व्हती. म्या म्हनलं, जावं लागतंय. तर पदर चावत उभी राहिली. मंग म्हनली, माय, शेळीला पाणी दाखवून येते. गेली ती हिरीवर."

घामानं पातळ माझ्या अंगाला चिकटलं होतं.

"समदे म्हनतेत उडी घेतली. मास्तरनं बी तसंच लिवलं. पोरं साडी मागाय आली तवा म्या म्हनलं, नाटकात तिला उभी करायलेत तर पातळ तरी तिचं असू द्या." ती पुढं सरकली आणि पहिल्यांदाच माझ्याशी एकेरीत बोलली. "तू आता तिच्या पातळात हाईस. दुसरं काय इचारत न्हाई. पाय घसरला, का म्या सासरी लोटायलेय म्हनून उडी घेतली?"

शहाणी बाई म्हणाली असती, मावशी, मी नाटकवाली, मला काय ठाऊक. पण मी शहाणी नव्हते, मी नटी होते. समोर एकच प्रेक्षक आणि तो पापणी न लववता माझ्या तोंडाकडं बघतोय. असा प्रेक्षक मला तोवर मिळाला नव्हता.

"पाय घसरला, माय," मी म्हणाले.

तिचा चेहरा तसाच राहिला. "मंग चपला काहून काढल्या? काठावर ठिवल्या व्हत्या, बराबर जोडीनं. उडी घेनारं मानूसच काढून ठिवतं म्हनतेत."

इथं मागून सांगणारं कुणी नव्हतं. शेळ्या चघळायच्या थांबल्या होत्या. पदर परत दातांत गेला, आणि माझ्या तोंडून निघालं, "नव्या व्हत्या ना, माय. चिखलात भरल्या असत्या."

ती जमिनीकडं बघत म्हणाली, "आदल्या दिशी म्याच आनल्या व्हत्या बाजारातून. सासरी जाय म्हनून, लालूच. लाजंनं कोनाला बोलले न्हाई. पंचनाम्यात बी नुसतं चपला असं लिवलंय."

मी माझ्या नव्या चपला पाटामागं सरकवल्या.

ती उठली. चुलीवर चहा ठेवला आणि पाठमोरी स्वतःशीच बोलत राहिली. "चिखल लई असतोय त्या हिरीवर. शेळ्या येतेत ना. अन् हिची सवयच तशी. नवं झंपर पावसात घालायची न्हाई कधी." चहाला उकळी आली, उतू गेला, तिचं लक्ष नव्हतं.

परतीच्या एसटीत मी सगळ्याचा उलगडा करून टाकला. पदराला भोकं होती म्हणून मी तो चावला. भोकं त्या पोरीच्या दातांची होती, उंदराच्या नव्हेत. शेळ्या आमच्याकडं कुठल्या घरात नाहीत? आणि नव्या चपला तर माझ्याच होत्या, दिवसभर डोक्यात दुसरं काही नव्हतंच. हे सांगून मी लोकांना वर्षभर हसवलं. फक्त एक सांगत नसे. आम्ही शहरातली कारकुनाच्या घरातली माणसं. माझ्या आईला मी जन्मात कधी माय म्हटलेलं नव्हतं.

पुढच्या साली मास्तर पुन्हा बोलवायला आले. म्हणाले, म्हातारी नाटकाची वही घेऊन त्यांच्या दारात येऊन बसली होती. "तुजं नाटक खोटं हाय, शेवट बदल," म्हणाली. त्यांनी बदलला. आता पोरगी चपला काढते, शेळीसाठी बादली सोडायला वाकते, आणि तिचा पाय घसरतो.

मी गेले तेव्हा पातळाबरोबर चपलाही आल्या, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. नव्याकोऱ्या. माझी पावलं मोठी, बाजारात मापाचा जोड कधी मिळत नाही, वारंगा फाट्याच्या चपलाही टाचेला तोकड्याच होत्या. त्या मला बराबर बसल्या.

तालमीत मी घसरायचं दहा वेळा बसवलं. कुठला पाय, कुठला हात, किती किंचाळायचं, पदर कसा उडाला पाहिजे. कारण प्रश्न त्या म्हातारीचा होता, आणि मला वाटत होतं की आता सगळं माझ्या पायावर आहे.

प्रवेश आला. मी ओट्याच्या कडेला चपला काढल्या आणि जोडीनं ठेवल्या. पहिल्या रांगेत म्हातारी शेजारणीला कोपर मारून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघ, आधी चपला काढल्या. नव्या हायेत म्हनून."

मी बादली घेऊन वाकले. ओटा शहाबादी फरशीचा, दुपारच्या उन्हानं पाय भाजत होते, पाण्याचा थेंब कुठं नव्हता. घसरायचं नाटक मला करावंच लागलं नाही. कोरड्या फरशीवर पाय आपोआप गेला, आणि तेव्हा आपटलेला गुडघा अजून दुखतो.