जेवणाच्या टेबलाखालचा फलाट

विनोदिनी माझ्या समोरच्या घरात राहते. नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत तिला सगळे ‘स्टेशनवाली काकू’ म्हणतात, कारण एकतीस वर्षं उज्जैन स्टेशनवर गाड्यांच्या सूचना तिच्या आवाजात ऐकू यायच्या. पुढे रेकॉर्ड केलेला आवाज आला आणि ती निवृत्त झाली. आवाज मात्र निवृत्त झाला नाही. भाजीवाल्याला ती “भैया, कृपया रुकिए” म्हणते, तेव्हा रस्त्यावरची स्कूटरसुद्धा थांबते.

गेल्या ऑक्टोबरच्या चार तारखेला, माझ्या डायरीप्रमाणे सकाळी सव्वाअकराला, ती वही-पेन घेऊन माझ्याकडे आली.

“अक्का, तुम्ही कॉन्व्हेंटात फ्रेंच शिकला होतात ना?”

“साठ वर्षं झाली गं त्याला.”

“मग काय झालं? भाषा काय शिळी होते?”

तिचा मंदार फ्रान्समध्ये लियाँला असतो. सून एलोडी तिथलीच. नात निहारिका पाच वर्षांची. बाप घरी येईपर्यंत पोर झोपलेली, त्यामुळे तिला आईचीच भाषा येते. फोनवर ती आजीला “बोंजूर” म्हणून पळून जायची. आता डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी सगळे येणार होते.

“पंधरा दिवस ती माझ्याकडे पाहुण्यासारखी बघत बसली, तर काय करू?” विनोदिनी म्हणाली. “मला बाकी काही नको. एकदा आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसली पाहिजे.”

शिकवणी सुरू झाली. मदर आग्नेसनी मला जे शिकवलं होतं तेच मी तिला दिलं : कृपया मीठ द्याल का, आज हवा फार सुंदर आहे. आठवड्याभरात ती मोबाइलवर एक यादी घेऊन आली.

“अक्का, राग मानू नका, पण तुमचं फ्रेंच एकदम कलेक्टरच्या बंगल्यातलं आहे. पोरं असं बोलत नाहीत. हे बघा, ‘बॉफ’. मतलब, ठीकच आहे, काही खास नाही. खांदे उडवून म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याच्या भेंडीला तिने खांदे उडवून “बॉफ” म्हटलं. त्याने न मागता चार मिरच्या जास्त टाकल्या.

‘शुएत’ म्हणजे छान, पण मूळ अर्थ घुबड, हे मी सांगितलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. “चांगल्याला घुबड? आणि लाडानं काय म्हणतात?”

“मा प्युस. माझी पिसू.”

“कुत्र्याच्या अंगावरची?”

“तीच.”

“आणि आजीला म्हणे ‘मामी’! मग मामीला काय म्हणतात यांच्यात?” असं पुटपुटत तिने तेही वहीत लिहून घेतलं.

‘मों शू’ म्हणजे माझ्या कोबी, हे मात्र तिला पसंत पडलं. मुलांना आणि नवऱ्यालाही चालतं म्हटल्यावर तिने ते घरीच वापरून पाहिलं. चव्वेचाळीस वर्षं ज्यांना नुसतं ‘अहो’ म्हटलं, त्या प्रभाकररावांपुढे चहा ठेवून ती म्हणाली, “मों शू, चहा.”

“काय म्हणालीस?”

“कोबी म्हणाले.”

प्रभाकरराव बँकेत होते, शब्द जपून खर्च करणारे. पेपर न हलवता म्हणाले, “कालच तर झाली कोबी.”

‘ज तेम’ शिकायला तिने साफ नकार दिला. “माझं तुमच्यावर प्रेम आहे, असं मी मराठीतच कधी म्हटलं नाही. परक्या भाषेत कुठे म्हणत बसू?” पण ‘त्यु म मांक’ पाशी ती थांबली. तुझी आठवण येते, असं म्हणताना ते लोक ‘तू मला उणी पडतेस’ अशी काहीशी रचना करतात, एवढं मी सांगितलं. तिने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि वही मिटली. म्हणाली, “हे जायच्या दिवशी लागेल.”

एकोणीस डिसेंबरला मंडळी आली. मी दारातच होते. विनोदिनीने तिघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीसमोर ताठ उभी राहिली आणि पाठ केलेली सगळी वाक्यं एका दमात म्हणाली, प्रत्येक दोनदा, स्टेशनवर म्हणायची तशी. आवाजाला ना चढ ना उतार. घुबड, पिसू, कोबी, सगळे एकाच वेगाने सुटले. एलोडी कौतुकाने टाळ्या वाजवू लागली. पोर आईच्या कोटात शिरली आणि तिथूनच काहीतरी बोलली. मंदार हसला.

“काय म्हणाली रे?”

“म्हणते, ही आजी मेट्रोसारखी बोलते.”

त्यानंतर दोन दिवस निहारिका आजी आली की खोली बदलायची. तिसऱ्या दिवशी विनोदिनी माझ्याकडे आली. वही तिने टेबलावर आपटली नाही, हळूच ठेवली. त्यावरून मला कळलं.

“ठेवा तुमच्याकडे. अडीच महिने घोकलं. मांडीवर कुठली येते, पोर मला घाबरते.”

“घाबरते कशाला? मेट्रोला कोण घाबरतं? तिकडे रोज तिच्यातूनच शाळेत जाते ना ती?”

“मग?”

“मग तू मेट्रोच हो.”

तिने माझ्याकडे पाहिलं, वही उचलली आणि गेली.

तिसऱ्या प्रहरी मी उगाच विरजण मागायला त्यांच्याकडे गेले. निहारिका जेवणाच्या टेबलाखाली खुर्च्या आडव्या लावून एकटीच खेळत होती. विनोदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने स्टीलचा ग्लास तोंडाशी धरला.

“टिंग-टाँग. व्होत्र आतांस्यों, सिल व्हू प्ले. लियाँला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर येत आहे.” ‘कृपया लक्ष द्या’पासून इथवर सगळं फ्रेंचमध्ये. पुढचं फ्रेंच सरलं, तेव्हा हिंदीत : “गाडी देरी से चल रही है. असुविधा के लिए हमें खेद है.”

टेबलाखालची हालचाल थांबली. मग बारीक आवाज आला, “आं रतार?” उशीर आहे का?

“तूझूर,” विनोदिनी म्हणाली. नेहमीच.

पोर खळखळून हसली. डोकं बाहेर काढून तिने विचारलं, ते शेवटचं काय म्हणालीस? विनोदिनीने पुन्हा म्हटलं. “खेद है,” निहारिका म्हणाली. “खेद है, खेद है!” मग तिने आजीचा पदर धरून तिला खाली ओढलं. गुडघेदुखीमुळे देवपूजासुद्धा खुर्चीवर बसून करणारी विनोदिनी टेबलाखाली गेली. गाडीत जागा एकच होती, म्हणून निहारिका तिच्या मांडीवर बसली.

आत प्रभाकररावांचा पेपर खाली आला. “आणि माझं रिझर्व्हेशन?”

“वेटिंग,” टेबलाखालून उत्तर आलं. “वेटिंग, मों शू.”

मी विरजण न घेताच परत आले.

उरलेले दिवस भराभर गेले. जायच्या दिवशी गाडी दारात लागली तेव्हा विनोदिनीला शेवटच्या पानावरचं ‘त्यु म मांक’ काही केल्या म्हणता आलं नाही. तोंडाशी धरायला ग्लासही नव्हता. नुसता हात हलवत राहिली.

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मी तिथेच होते. पडद्यावर निहारिका प्लास्टिकचा पेला तोंडाशी धरून बसली होती. “टिंग-टाँग,” ती म्हणाली. “मामी, त्यु म मांक. मामी, त्यु म मांक.” मग श्वास घेऊन, अगदी सपाट आवाजात : “असुविधा के लिए हमें खेद है.”