चांगल्या कामाचे दात

आमची जिजी हसायची तवा फक्त तिचे खांदे हालायचे. तोंडावर पदर, पदराआड तोंड मिटलेलं, आन् खांदे मात्र खालीवर, खालीवर. नवीन मानसाला वाटायचं, बाई रडून राह्यली. एका लग्नात एका सोयऱ्यानं तिला इचारलं बी, "काय झालं माय, कोन गेलं?" तवा तर तिचे खांदे लईच हालले.

जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. सारं गाव तिला जिजी म्हणायचं, मंग मी बी म्हणायचे. आमची सासू घरात नवी सून आली की तिचाच दाखला द्यायची. "थोरलीकून शिका जरा. तिचा दात कधी कुन्या मानसाला दिसला न्हाई." आम्ही माना खाली घालून ऐकायचो. खरं काय ते जिजीला आन् मलाच ठावं. दात दिसत न्हवता, कारन दिसावा असा दात तिच्या तोंडात राह्यलाच न्हवता. म्होरं दोन काळे खुंट, बाजूला अर्धे तुटके, आन् मागं दाढांच्या जाग्यावर नुसती भोकं. माझं तोंड बी काही तिच्याहून बरं न्हवतं. पर सासूला कोन सांगनार? फुकटात लाजाळू म्हणून नाव झालं, होऊ दिलं.

आमचं गाव बदनापूरपासून जवळच. पर आमचं अर्धं आयुष्य गेलं उसाच्या फडात. दोघींचे नवरे ऊसतोडीला, म्हणून आम्ही बी. अंकुशनगरकडं उसाच्या पाचटाची कोपी घालून ऱ्हायचो. पहाटंच कोपीम्होरं चूल पेटायची, तव्यावर तंबाखू जाळायची, चुरायची, आन् त्या मिश्रीनं बोट भरून दात घासायचे. मिश्री लावली की भूक मरती, झोप मरती, दाताची कळ बी मरती. मिश्रीनं दात किडायचा, किडला की दुखायचा, दुखला की मिश्री लावायची. जिजी म्हणायची, "ह्या मिश्रीचं आन् आपल्या मुकादमाचं सारखंच हाय. आधी दुखनं देतेत, मंग पुन्हा त्यांच्याकडंच जावं लागतंय." वरतून ऊस दातानंच सोलायचा. साखर साऱ्या मुलखानं खाल्ली, कीड तेवढी आमच्या दाताला लागली.

एका साली माझी दाढ सुजून डोळा झाकला. दाढ हालत व्हती, पर निघंना. दवाखाना लांब, आन् नवरा-बायकोचा मिळून एकच कोयता, माझा खाडा झाला तर नवऱ्याचं काम बी बसनार. जिजीनं दाढंला दोरा बांधला, दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. मी तोंड गच्च दाबून बसले. मंग ती एकदम मागं बघून म्हणली, "अगं, तुझ्या भाकरी कुत्र्यानं नेल्या की!" म्या "आँ?" केलं आन् तिनं हात झटकला. दाढ पाचटात जाऊन पडली. कुत्रं बी न्हवतं आन् काही न्हवतं. मी रक्त थुंकलं आन् मोळी उचलली. पर तवापासून एक समजलं. जिजी सरळ काही मागायची न्हाई. तिला माझं तोंड उघडायचं असलं की ती भलतंच काहीतरी सांगायची.

वय झालं, गुडघे गेले, कोयता सुटला. मिश्री न्हाई सुटली. मंग जिजीच्या नातवाला पोरगी झाली, छबी. पोरगी बसायला लागली तवाची गोष्ट. जिजी तिला मांडीवर घेऊन बसल्ती. पोरीनं जिजीच्या नाकातली फुली धरून वढली आन् जिजीला आलं हसू. वसरीत आम्ही दोघीच, म्हणून ती पदर इसरली, तोंड उघडून हसली. पोरीनं ते काळं तोंड बघितलं आन् अशी किंचाळली की तिची माय हातातलं पीठ घेऊन पळत आली. दुसऱ्या दिवशी बी तेच. पोरगी जिजीकडं येईना. जिजीनं हात केला की आईच्या खांद्यात तोंड खुपसायची.

जिजी उठली. अंगनात गेली, तोंडातली मिश्री थुंकली, चुळा भरल्या. सकाळी मला म्हणली, "चल बदनापूरला."

"कामून?"

"सासूला लाजून जलम काढला. आता पनतीला लाजू का?"

बदनापूरला स्टेशनाच्या रस्त्याला दाताचा दवाखाना हाय. डॉक्टरीण बाई तरनी पोरगी, नातीच्या वयाची. जिजीनं जायच्या आधी राखंनं दात अशे घासले, अशे घासले की हिरड्या सोलल्या. का, तर डॉक्टरीण बाईनं नावं ठिवू नये. ज्याच्यासाठी चाललो तेच लपवायची आमची तऱ्हा. खुर्चीवर आडवी झाली ती तोंडावर पदर घेऊनच.

"आजी, पदर काढा."

"पदर ऱ्हाऊ द्या. खालून बघा."

डॉक्टरीण बाईनं कशीबशी बत्ती धरली. बघितलं आन् बत्ती बाजूला केली. मंग हळूच म्हणली, "आजी, एवढं दुखत होतं तर आधी का नाही आलात?"

जिजी म्हणली, "बाई, दुखायला बाकीचं बी लई व्हतं. दाताचा लंबर आत्ता लागला."

सारे खुंट काढावे लागतील, मंग हिरड्या भरल्यावर कवळी, आसं तिनं सांगितलं. खर्च ऐकला आन् जिजी खुर्चीवरून उतरायला लागली. "एवढ्यात तर दुभती शेळी येती." घरी येऊन दोन दिवस शेळीपाशीच बसली. तिसऱ्या दिवशी आपली दुभती शेळी बाजाराला धाडली. गावानं लई थट्टा केली. वेशीपाशी म्हातारे बसलेले असायचे, त्यातला एकजन म्हणला, "जिजी, आता दात चारायला न्हेता का रानात?" जिजी म्हणली, "न्हेते की. तुमचे बी द्या, सोबत हाकते." त्याच्या तोंडात दोनच व्हते.

मी दर बारीला सोबत जायचे. जिजीचे खुंट निघायचे आन् मी बाकावर बसून पदर घट्ट धरायचे. डॉक्टरीण बाई म्हणायची, "आजी, तुमचे पण बघू?" मी म्हणायचे, "मी नुसती सोबतीला आल्ते." मंग खुर्चीवरून, तोंडात कापूस घेऊन बी, जिजी बोलायची, "तिचे मोत्यावानी हाईत, बाई. निस्ते कुनाला दावले न्हाईत, म्हणून आपन मोती म्हणायचं." वाटंनं येताना माझ्या मागं लागायची. "तुझी दाढ पुन्हा सुजली. तुझं बी करून घे." मी म्हणायचे, "मला आता कुनाला हसून दावायचंय? वर जायची येळ आली." खर्चाचा बहाना करता यायचा न्हाई, लेक द्यायला तयार व्हता. मला कुनापुढं तोंड उघडायचं न्हवतं, एवढंच व्हतं. ते तिला ठावं व्हतं. ती मंग म्होरं चालायला लागायची.

सारे खुंट निघाले आन् जिजीचं तोंड पार बोळकं झालं. आन् तवाच गंमत झाली. छबीला अजून दात यायचे व्हते. तिनं जिजीचं बोळकं बघितलं, स्वतःचं बोळकं उघडलं आन् खदखदून हसली. आपल्यातलीच कोनी भेटली आसं वाटलं आसंल. चढली मांडीवर. जिजी मला म्हणली, "बघ. शेळी तर गेली, आन् पोरगी दाताबिगरच आली. कवळीचे पैसे परत देतेत का इचार."

परत कोन देतंय. कवळी आली. पांढरीशुभ्र, बराबर बसलेली. जिजी ती घालून मोठ्या ऐटीत घरी आली, पोरीकडं बघून हसली, आन् छबीनं पुन्हा किंकाळी फोडली. ही कोन नवी बाई! जिजीनं कवळी काढली, पोरगी गप. घातली, पोरगी रडली. मंग जिजीनं तिढा सोडवला. घरात बोळकं, चांगल्या कामाला दात.

चांगलं काम म्हणजे लग्न, बारसं, सोयरे येनं. आपल्याकडं चांगली साडी ट्रंकंत ऱ्हाती, स्टीलची ताटं फडताळात ऱ्हातेत, तसे तिचे दात डबीत ऱ्हायचे. लग्नात मांडवात कवळी घालून बसायची, आन् पंगत बसली की कवळी काढून पदराच्या शेवाला बांधायची आन् हिरड्यांनी बुंदी चघळायची. वाढणारं पोरगं बघतच ऱ्हायचं. म्या म्हणलं, "अगं, जेवायलाच तर असतेत." तर म्हणली, "जेवून झिजवू का? जेवायला हिरड्या हाईत की. हे चार मानसांत बसायला." डॉक्टरीण बाई चिडली, रोज घाला म्हणली. जिजी "बराबर हाय, बाई" म्हणली आन् बाहेर येऊन डबीत घातले.

पर मांडवात ती आता पदर न घेता हसायची. तोंड उघडून, आवाज काढून. एवढी सालं दाबलेला तो आवाज लई मोठा निघाला. बाकीच्या म्हाताऱ्या कुजबुजायच्या, "बघा माय, जलमभर लाजाळू, आन् म्हातारपनी लाज सोडली." मी ऐकायचे. लाज जिथली तिथंच व्हती, कीड गेल्ती. पर हे त्यांना सांगायचं तर मलाच पदर काढून सांगावं लागलं असतं.

गेल्या हिवाळ्यात जिजी अंथरुनाला खिळली. छातीत कफ, बोलनं कमी झालं. एक दिवस तिनं उशाखालून डबी काढली आन् माझ्या हातात दिली.

"हे घे. तुला ऱ्हाऊ दे."

"मला? मी काय करू?"

"कोरे हाईत. एक घास बी खाल्ला न्हाई त्यांनी. डॉक्टरीण बाईकडं जाय, म्हन, जिजीनं दिले, मला बसवून द्या. माझी साडी तुला बसती, चोळी बसती, दात कामून न्हाई बसायचे?"

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू. एका घरात आलो, एका फडात राबलो, एका तव्यावरची मिश्री लावली, तोंडाची मापं बी सारखीच असतील, आसं वाटलं. आन् कोरी चीज वाया घालायची म्हणजे माझा जीव कासावीस होतो. शिळ्या भाकरीचा तुकडा मी कधी फेकला न्हाई, हे तर दात व्हते.

चार दिवसांनी ती गेली. अंगनात सारा गाव जमला. तिची सून रडत रडत मला म्हणली, "काकू, जिजीची कवळी कुठंय? शेवटचं तोंड बघायला एवढी मानसं आली, तोंड आत गेलंय. घालू या." माझ्या कंबरंला डबी खोसलेली. हात गेला बी डबीवर. यापेक्षा चांगलं काम कोनतं? पर मंग मला वाटलं, तिनं श्वास पुरत नसताना मला दिलेली चीज मी परत तिलाच कशी घालू? म्या तिच्या लुगड्याचा पदर उचलला आन् पहिल्यासारखा तिच्या तोंडावरून घेतला. जुन्या म्हाताऱ्या म्हणल्या, शेवटी पुन्हा लाजाळू झाली.

दहावं-तेरावं झालं आन् माझी दाढ पुन्हा सुजली. आता वाटंनं टोचणारं कोन न्हवतं. डबी घेतली, एकटीच बदनापूरला गेले. डॉक्टरीण बाईला टेबलावर डबी उघडून दावली. "हे जिजीचे. कोरे हाईत. मला बसवून द्या."

ती डबीकडं बघत बसली. डोळ्याला पानी आल्यासारखं झालं तिच्या. म्हणली, "आजी, कवळी दुसऱ्याला बसत नाही. ज्याचं तोंड, त्याच्यापुरतीच असते."

"थोडं घासून बी न्हाई?"

"घासून पण नाही. आणि हे मी जिजींना सांगितलं होतं."

"कवा?"

"शेवटचं आल्या तेव्हा. तुम्ही बाहेर बाकावर होतात. त्यांनी मला हेच विचारलं, जावेला बसतील का. मी नाही म्हणाले. तर म्हणाल्या, 'ते मला बी वाटलंच. पर तिला आधी सांगू नका. नुसतं चल म्हणलं तर ती यायची न्हाई. पर कोरी चीज वाया जातीय म्हणलं की बराबर येती.'"

म्या डबी मिटली. कुत्र्यानं भाकरी नेल्या व्हत्या पुन्हा एकदा.

"आणखी काय म्हणली?"

"म्हणाल्या, 'ती आली की तिला पदर काढ म्हणू नका, बाई. निस्तं बसून ऱ्हावा.'"

आन् खरंच ती पोरगी हात मांडीवर ठिवून बसून राह्यली. बाहेर बाकावर मानसं खोळंबली व्हती, तिनं घड्याळाकडं बघितलं न्हाई. मी खुर्चीवर जाऊन आडवी झाले. वरती बत्ती. मंग म्या पदर काढला आन् तोंड उघडलं.

तिनं बत्ती जवळ आनली, आरसा आत घातला, आन् लगेच हात मागं घेतला.

"आजी, खूप दुखलं का? रडताय तुम्ही. खांदे हलताहेत तुमचे."

तोंड उघडं, आत आरसा. सांगता येईना. म्या निस्ती मान हालवली.